बाथरूमची व्हॅनिटी निवडताना: मापापासून बसवणीपर्यंत

घराचे नूतनीकरण निघाले की टाइल्स, शॉवर आणि नळ यांच्यावर घरात आठवडेच्या आठवडे खल होतो. बेसिन आणि त्याखालचे कपाट, म्हणजे दुकानदारांच्या भाषेतली व्हॅनिटी, मात्र अगदी शेवटी, बजेट आटत आलेले असताना, शोरूममधल्या चमकत्या पल्ल्याकडे पाहून घाईघाईने ठरवली जाते. वास्तविक घरातल्या दुसऱ्या कोणत्याही लाकडी सामानाला इतके पाणी सोसावे लागत नाही. म्हणूनच दोन-तीन पावसाळ्यांत खालची फळी फुगली, लॅमिनेटची कड सुटली, बिजागरी गंजून पल्ला लोंबकळू लागला अशा तक्रारी घरोघरी ऐकू येतात. त्या टाळायच्या असतील तर निवडीचा नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. आधी जागा आणि माप ठरवावे, मग खोका, म्हणजे कपाटाचा मूळ सांगाडा, त्यानंतर बेसिन आणि नळ. रंगाचा आणि पल्ल्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

जागा: ओले बाथरूम की बाहेरचा पॅसेज

कॅटलॉगमधल्या बऱ्याच व्हॅनिटी अशा बाथरूमसाठी आखलेल्या असतात, जिथे आंघोळ टबमध्ये किंवा काचेआड होते आणि उरलेली जमीन कोरडी राहते. आपल्याकडे बहुतेक घरांत आजही बादली आणि मग घेऊन आंघोळ होते, जमीन रोज पाण्याने धुतली जाते, आणि चार-पाच फूट रुंदीच्या बाथरूममध्ये कोरडा भाग असा वेगळा उरतच नाही. अशा ठिकाणी जमिनीवर टेकलेले कपाट घेणे म्हणजे त्याचा तळ कायम पाण्यात ठेवण्यासारखे आहे. भिंतीवर टांगलेली व्हॅनिटी घ्यावी आणि तिच्या तळाखाली किमान १० ते १२ इंच मोकळी जागा राहील असे पाहावे. म्हणजे शिंतोड्यांचे प्रमाण कमी होते, खाली झाडू-पोछा फिरतो आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतले जाळीचे सांडपाण्याचे तोंड, साफ करताना अडचण येत नाही.

मात्र मराठी घरांत बेसिन अनेकदा बाथरूमच्या बाहेर, पॅसेजमध्ये किंवा जेवणघराच्या कडेला असते, आणि माझ्या मते व्हॅनिटीसाठी ही जागा अधिक चांगली आहे. तिथे आंघोळीचे पाणी आणि वाफ पोहोचत नाही. तिथला त्रास वेगळा असतो: जेवून उठलेली माणसे तिथेच हात धुतात, त्यामुळे हळद, तेल आणि अन्नकण यांचा मारा रोज होतो. त्याचा विचार बेसिन आणि वरचा दगड निवडताना करावा लागतो. तो पुढे येईलच.

माप: दुकानात जाण्यापूर्वीचे काम

जमिनीपासून बेसिनच्या वरच्या काठापर्यंतची उंची ३२ ते ३४ इंच, म्हणजे साधारण ८१० ते ८६० मिलिमीटर ठेवली तर बहुतेक प्रौढांना न वाकता तोंड धुता येते. इथे एक चूक फार सर्रास होते. वर ठेवायचे टेबल टॉप बेसिन पाच-सहा इंच उंच असते, आणि सुतार मात्र सवयीने ओट्याची उंची ३२ इंच धरतो. परिणामी बेसिनचा काठ ३८ इंचांवर जातो आणि हात धुताना पाणी कोपरापर्यंत ओघळते. टेबल टॉप बेसिन घ्यायचे असेल तर खालचा ओटा २७-२८ इंचांवरच थांबवावा.

व्हॅनिटीची खोली, म्हणजे भिंतीपासून पुढे येणारे माप, साधारणपणे १८ इंच असते. अरुंद बाथरूममध्ये १५-१६ इंचांची व्हॅनिटीही चालते, पण त्याहून कमी केल्यास नळाची धार आणि बेसिनचा मध्य जुळवणे अवघड जाते. रुंदी २४ इंचांपासून पुढे जागेप्रमाणे घ्यावी. समोर उभे राहून वाकायला किमान २४ इंच मोकळे हवेत, आणि शेजारी कमोड असेल तर त्याच्या मध्यरेषेपासून व्हॅनिटीच्या बाजूपर्यंत १५ इंच अंतर राहिले पाहिजे. हे सगळे कागदावर पटत नाही. त्यासाठी ठरवलेल्या मापाचे वर्तमानपत्र कापून जमिनीवर चिकटवावे, भिंतीवर खडूने उंची आखावी आणि मग दार पूर्ण उघडून पाहावे. दार व्हॅनिटीला आपटते आहे, हे त्याच वेळी लक्षात येते.

त्यानंतर भिंतीतल्या प्लंबिंगची तीन मापे लिहून घ्यावीत: सांडपाण्याच्या पाइपचा मध्य जमिनीपासून किती उंचीवर आहे, दोन्ही अँगल कॉक, म्हणजे नळाचे पाणी बंद करायच्या भिंतीतल्या तोट्या, किती उंचीवर आहेत, आणि ही तिन्ही तोंडे शेजारच्या कोपऱ्यापासून किती अंतरावर आहेत. सांडपाण्याचे तोंड बहुधा १८ ते २० इंचांवर असते, म्हणजे ते बरोबर कपाटाच्या आत येते. ड्रॉवरची व्हॅनिटी घेणार असाल तर हे माप निर्णायक ठरते, कारण वरच्या ड्रॉवरला बॉटल ट्रॅपसाठी, म्हणजे बेसिनखालच्या बाटलीसारख्या सांडपाण्याच्या भांड्यासाठी, इंग्रजी यू आकाराची खाच द्यावी लागते, आणि ती चुकली तर ड्रॉवर अर्ध्यावरच अडकतो. जुन्या इमारतींत सांडपाण्याचा पाइप भिंतीत न जाता खाली नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो. तिथे कपाटाच्या तळाला भोक पाडावे लागणार हे गृहीत धरून साधा दोन पल्ल्यांचा खोका घेणे शहाणपणाचे.

भिंत कसली आहे हेही आत्ताच विचारून ठेवावे. नव्या उंच इमारतींत बऱ्याचदा मायव्हान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, काँक्रीटच्या भिंती असतात. त्यांवर वजन उत्तम पेलते, पण पाइप हलवण्यासाठी झिरी पाडू देत नाहीत. त्यामुळे तिथे व्हॅनिटीनेच प्लंबिंगशी जुळवून घ्यावे लागते. एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या, भिंतीची अडचण नेमकी उलट असते.

खोका: खरा पैसा इथे घालावा

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन व्हॅनिटींच्या किमतीत दुपटीचा फरक असू शकतो, आणि त्याचे कारण बहुधा आतल्या फळीत असते. तयार व्हॅनिटीच्या वर्णनात ‘इंजिनिअर्ड वुड’ एवढेच लिहिलेले असेल तर तिथे थांबून नेमके काय आहे ते विचारावे, कारण त्या एका शब्दाखाली पार्टिकल बोर्डपासून चांगल्या प्लायपर्यंत काहीही विकले जाते. पार्टिकल बोर्ड हा लाकडाच्या भुशाचा आणि चिपांचा दाबलेला बोर्ड असतो. त्यात एकदा पाणी शिरले की तो फुगतो आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. लाकडाच्या बारीक तंतूंच्या साध्या एमडीएफ बोर्डाचीही हीच गत. बेसिनखाली हे दोन्ही घेऊ नयेत, कितीही स्वस्त मिळाले तरी. एचडीएचएमआर बोर्ड यांच्यापेक्षा पुष्कळ दाट आणि ओलाव्याला टिकणारा असतो, पण तो ओलावा सहन करतो, पाण्यात राहू शकत नाही. कोरड्या पॅसेजमधल्या व्हॅनिटीच्या पल्ल्यांसाठी तो उत्तम, कारण त्यावर रंग आणि पीयू (पॉलीयुरेथेन) फिनिश अतिशय सफाईदार बसते.

खोक्यासाठी माझी पहिली पसंती आयएस ७१० मानकाच्या मरीन प्लायला आहे. या प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचे थर सुटतात का हे तपासले जाते. बाजारात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून आयएस ३०३ मानकाचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) प्लायही दाखवला जातो; तो स्वयंपाकघरातल्या कोरड्या कपाटांना ठीक आहे, पण त्याची उकळण्याची कसोटी बरीच सौम्य असते. शीटवर आयएसआयची खूण, ७१० हा आकडा आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असला पाहिजे. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये घालून पाहता येतो. परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की नाही ते तिथे दिसते. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये किंवा आपल्या गावच्या वखारीत प्लाय घेताना दुकानदारासमोर हे केले तर त्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

छापावर सगळी भिस्त ठेवू नये. शीटची कापलेली कड उन्हात धरून पाहावी. चांगल्या प्लायचे थर एकसारख्या जाडीचे, सरळ आणि एकमेकांना घट्ट भिडलेले दिसतात. कमअस्सल प्लायमध्ये दोन थरांच्या मधे काडी शिरेल अशा फटी असतात, आणि काही ठिकाणी मातीने किंवा भुशाच्या लगद्याने त्या बुजवलेल्या असतात. बोटांच्या पेरांनी सगळीकडे ठोकत गेल्यास पोकळ जागी आवाज बदलतो. दुकानदाराकडून हातभर लांबीचा तुकडा मागून घ्यावा आणि घरी मोठ्या पातेल्यात दिवसभर उकळावा. थर सुटले तर तो मरीन प्लाय नव्हे.

पीव्हीसी (प्लास्टिक) आणि डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा मिसळलेले प्लास्टिक) बोर्डांना पाणी आणि वाळवी यांचे भय नाही, म्हणून अगदी ओल्या बाथरूमसाठी आणि विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट हवेत ते चांगला पर्याय ठरतात. त्यांची उणीव स्क्रू धरण्यात आहे. हलक्या घनतेच्या बोर्डात बिजागरीचे स्क्रू काही महिन्यांत सैल होतात आणि अडीच-तीन फुटांची आडवी फळी वजनाने मधोमध वाकते. म्हणून असा बोर्ड घेताना वजन करून पाहावे, दर घनसेंटिमीटरला ०.६ ग्रॅमपेक्षा कमी घनता असलेला घेऊ नये, आणि रुंद व्हॅनिटीला मधोमध उभा आधार द्यायला सांगावे.

आता कडांविषयी, कारण इथेच व्हॅनिटीचे आयुष्य ठरते. उत्तम मरीन प्लायसुद्धा कापलेल्या कडेतून पाणी पितो. पल्ल्याची खालची कड पाहावी: ओघळलेला प्रत्येक थेंब शेवटी तिथे येऊन लटकतो, आणि ती कड उभ्याने कधी दिसत नसल्याने अनेक ठिकाणी ती कोरीच सोडलेली असते. शोरूममध्ये गुडघ्यावर बसून त्या कडेवरून बोट फिरवावे. पट्टी सलग, गुळगुळीत आणि कोपऱ्यात नीट जुळलेली लागली पाहिजे. पल्ल्यांना २ मिलिमीटर जाडीची पीव्हीसी एज बँड, म्हणजे कडेची पट्टी, असावी, आणि कारखान्यात बनणाऱ्या मालाला ती पीयूआर गोंदाने लावलेली असेल तर अधिक बरे, कारण तो गोंद ओलाव्याने सुटत नाही. सुतार घरी काम करणार असेल तर लॅमिनेट लावण्यासाठी फेविकॉल मरीनसारखा पाण्याला टिकणारा गोंद आणून द्यावा. महाग मरीन प्लाय आणून तो साध्या पांढऱ्या गोंदाने चिकटवला, तर प्लाय शाबूत राहतो आणि लॅमिनेट उचलते.

दुसरी दुर्लक्षित जागा म्हणजे पाइपांसाठी पाडलेली भोके. कारखान्यातून कितीही नीट बंद होऊन आलेला खोका असो, प्लंबर जागेवर होल सॉने (गोल करवतीने) भोक पाडतो आणि तिथे प्लायचे सगळे थर उघडे पडतात. अँगल कॉकचा थेंब नेमका त्याच भोकाच्या काठावर पडत राहतो. भोक पाडल्याबरोबर त्याच्या आतल्या कडेला इपॉक्सी किंवा सिलिकॉनचा थर द्यायचा, तो वाळू द्यायचा आणि मगच पाइप आत घ्यायचा, हे काम करून घेताना तिथे स्वतः उभे राहावे. खोक्याच्या आतून पांढरे लॅमिनेट घ्यावे असेही मी सुचवीन. गडद रंगावर गळतीचा डाग महिनोन्‌महिने दिसत नाही; पांढऱ्यावर तो दुसऱ्या दिवशी दिसतो.

बेसिन आणि वरचा दगड

लहान आणि मध्यम बाथरूमसाठी बेसिन आणि ओटा मिळून एकाच तुकड्यात घडवलेले सिरॅमिकचे बेसिन सर्वांत सोयीचे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात जोड नसतो, त्यामुळे कपाटात पाणी झिरपायला वाट नसते, आणि चकचकीत लुकणावर (ग्लेझवर) हळदीचा डाग टिकत नाही. गुजरातेत थानगढ आणि मोरबी परिसरात असे बेसिन मोठ्या प्रमाणावर बनते, म्हणून ते आता वाजवी भावात सर्वत्र मिळते. घेताना आयएस २५५६ हा सॅनिटरी भांड्यांच्या मानकाचा क्रमांक पाहावा, आणि पालथे घालून सपाट फरशीवर ठेवावे. डगमगले तर ते भाजताना वाकलेले आहे, आणि कपाटावर ते कधीच नीट बसणार नाही.

टेबल टॉप बेसिन दिसायला देखणे असते, पण त्याच्या बुडाभोवतीची खाच रोज पुसावी लागते. ती तयारी नसेल तर घेऊ नये. ओट्याखालून बसवलेल्या बेसिनमध्ये वरचे पाणी एका फटक्यात आत लोटता येते, ही त्याची मोठी सोय आहे. मात्र ते बदलायची वेळ आली तर सगळा ओटा उघडावा लागतो.

वरच्या दगडात गडद ग्रॅनाइट हा निर्धास्त पर्याय आहे. संगमरवर टाळावा. तो मूळचा कॅल्शियम कार्बोनेट असल्यामुळे बाथरूम साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब त्याची पॉलिश खातो, आणि पॅसेजमधल्या बेसिनपाशी तर हळद त्यात कायमची मुरते. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर अगदी काळ्या, आरशासारख्या पॉलिशच्या दगडावर क्षारांचे पांढरे ठिपके उठून दिसतात. तिथे दाणेदार राखाडी किंवा तपकिरी ग्रॅनाइट सांभाळायला सोपा जातो. दगड कापणाऱ्याकडून पुढच्या कडेखाली, अर्धा इंच आत, एक बारीक खाच मारून घ्यावी. ओघळणारे पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडते आणि पल्ल्यांवर जात नाही.

नळ, वेस्ट कपलिंग आणि बिजागऱ्या

नळाची धार बेसिनच्या वेस्टच्या, म्हणजे पाणी जाण्याच्या तोंडाच्या, थोडी अलीकडे पडली पाहिजे. अगदी जाळीवर पडली तर शिंतोडे उडतात, काठाजवळ पडली तर हात भिंतीवर आपटतात. प्रेशर पंप असलेल्या इमारतीत चार इंचांपेक्षा उथळ बेसिन घेऊ नये. भिंतीतून येणारा नळ हवा असेल तर तो टाइल्स लावण्यापूर्वीच ठरवावा लागतो.

वेस्ट कपलिंग, म्हणजे बेसिनचे तोंड सांडपाण्याच्या पाइपला जोडणारा भाग, ही छोटी वस्तू आहे, पण तिच्यात गोंधळ फार होतो. बेसिनला वरच्या बाजूस जादा पाणी वाहून जाण्याचे भोक असेल तर हाफ थ्रेड कपलिंग घ्यावे, कारण त्यालाच ते पाणी आत घेणाऱ्या खाचा असतात. भोक नसलेल्या बेसिनला फुल थ्रेड. उलट झाले तर एका बाबतीत ओव्हरफ्लो निकामी होतो आणि दुसऱ्या बाबतीत जोडाशी गळती होण्याची शक्यता राहते. जेवणानंतर वापरल्या जाणाऱ्या बेसिनला दाबून उघडणाऱ्या झाकणाऐवजी जाळीचे कपलिंग घ्यावे. नाहीतर भाताची शिते बॉटल ट्रॅपमध्ये जाऊन साचतात.

बिजागऱ्या आणि चॅनेल ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत आणि ग्रेड बिलावर लिहून घ्यावी. लोहचुंबक लावून दाखवणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नये, कारण लवकर गंजणाऱ्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. समुद्राजवळच्या घरांत ३०४ वरही कालांतराने ठिपके येतात, म्हणून तिथे ड्रॉवरपेक्षा मोजक्या बिजागऱ्यांची साधी व्हॅनिटी बरी.

तयार माल, कारखाना की सुतार

भिंती काटकोनात आणि जागा ठरावीक मापाची असेल तर नावाजलेल्या कंपनीची तयार व्हॅनिटी घेण्यात कमी कटकट असते. जुन्या घरात, जिथे एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत भिंत अर्धा इंच सरकलेली असते, तिथे सुताराला पर्याय नाही. कोटेशन कुणाचेही असो, त्यात बेसिन, नळ, वेस्ट कपलिंग, बॉटल ट्रॅप, अँगल कॉक, कनेक्शन पाइप, आरसा, वाहतूक आणि बसवणी यांपैकी काय धरले आहे आणि काय नाही हे ओळीने लिहून मागावे. दोन दरांची तुलना त्याशिवाय करताच येत नाही. हमीच्या कागदावर ‘पाण्यामुळे झालेले नुकसान वगळून’ असे लिहिलेले असेल, तर बेसिनखालच्या कपाटाच्या बाबतीत त्या हमीला फारसा अर्थ उरत नाही, आणि तसे विक्रेत्याला सरळ सांगावे.

बसवणी आणि ताबा

टांगलेल्या व्हॅनिटीचे वजन लोक फार कमी धरतात. अडीच फूट रुंद, दीड फूट खोल आणि १८ मिलिमीटर जाडीची ग्रॅनाइटची फळीच सुमारे १७ किलो भरते. त्यात बेसिन, खोका आणि आतले सामान धरले तर आकडा सहज ५० किलोंवर जातो, आणि काठावर हात रेलून उभे राहणाऱ्या माणसाचा भार वेगळाच. पक्क्या विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत चांगले अँकर फास्टनर पुरतात. एएसी ब्लॉकच्या भिंतीत मात्र साधे फिशर (प्लास्टिकचे प्लग) धरत नाहीत. तिथे केमिकल अँकर (रसायनाने भिंतीत चिकटवलेला बोल्ट) किंवा त्या ब्लॉकसाठीच बनवलेले लांब फास्टनर वापरावे, आणि दगडाखाली भिंतीत रोवलेले लोखंडी ब्रॅकेट द्यावे, म्हणजे दगडाचे वजन कपाटावर येत नाही. ड्रिल चालवण्यापूर्वी भिंतीतल्या पाइपांचे फोटो समोर ठेवावेत; टाइल्स लावण्याआधी ते काढून ठेवणे म्हणूनच आवश्यक असते.

बसवून झाल्यावर दगड आणि भिंत यांच्या सांध्यात बुरशीरोधक सिलिकॉन भरावे. पांढऱ्या सिमेंटला तिथे हमखास तडा जातो. सिलिकॉन वाळायला एक पूर्ण दिवस द्यावा आणि तोवर नळ सोडू नये. मग बॉटल ट्रॅप आणि अँगल कॉकच्या प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळावा, बेसिन ओव्हरफ्लोपर्यंत भरावे आणि एकदम सोडावे. भरलेल्या बेसिनचा जोर पडला की बारीक गळती लगेच कागदावर उमटते. असे दोन-तीनदा करून कागद रात्रभर तसाच ठेवावा, कारण अँगल कॉकची गळती अनेकदा इतकी सूक्ष्म असते की ती तासाभरात दिसत नाही. सकाळी सगळे कागद कोरडे निघाले, पल्ले एका रेषेत बंद होत असले आणि ड्रॉवर ट्रॅपला न घासता पूर्ण बाहेर येत असला, की मगच कारागिराचा शेवटचा हप्ता द्यावा. त्याच वेळी बॉटल ट्रॅपची खालची वाटी हाताने कशी उघडायची ते त्याच्याकडून शिकून घ्यावे, कारण ती दर दोन महिन्यांनी उघडून धुवावी लागते, आणि त्यासाठी तिच्याखाली ताटली मावेल एवढी जागा कपाटात कायम मोकळी ठेवावी.